बाळ आत झोपलंय

दिवाणखान्याचा सेट लावलेल्या मराठी कौटुंबिक नाटकात एक वाक्य हटकून येतं: "हळू बोल, बाळ आत झोपलंय." ते एकदा म्हणून झालं की नवराबायको भांडायला, सासूबाई टोमणे मारायला आणि शेजारी लुडबुड करायला मोकळे होतात. बाळ पुढचे दोन अंक झोपूनच राहतं. मध्ये कधी गरज पडलीच तर रडण्याचा ध्वनिमुद्रित तुकडा वाजतो, आई "आले रे राजा" म्हणत विंगेत जाते आणि दीड मिनिटात, केस जागच्या जागी ठेवून, परत येते.

नवजात मूल दिवसाचे चौदा ते सतरा तास झोपतं हे खरं आहे. पण ती झोप दोन-दोन, तीन-तीन तासांच्या तुकड्यांची असते आणि चोवीस तासांत आठ ते बारा वेळा त्याला पाजावं लागतं. एकेका पाजण्याला वीस ते चाळीस मिनिटं. मग ढेकर काढणं, लंगोट बदलणं, पुन्हा झोपवणं. बेरीज करून पाहा: पहिल्या तीन महिन्यांत सांभाळणाऱ्याच्या हाती सलग दोन तास स्वतःचे म्हणून क्वचितच लागतात. दोन अंकी नाटक मध्यंतर धरून सव्वादोन तासांचं असतं. बाळ जागं असेल तर नाटक पुढे सरकणार नाही, अशी आपल्या लेखकांची समजूत आहे, म्हणून ते झोपवून ठेवलं जातं. ही समजूत चुकीची आहे. आजच्या आईबापांचं खरं नाट्य त्या 'आत'मध्ये चाललं आहे, आणि आपली रंगभूमी अजून बाहेरच्या सोफ्यावर बसलेली आहे.

मराठी नाटकात आईबापांची वानवा कधीच नव्हती. शिरवाडकरांच्या 'नटसम्राट'मधला गणपतराव बेलवलकर १९७० पासून पिढ्यान्‌पिढ्यांना रडवत आला. जयवंत दळवींच्या 'संध्याछाया'तले नाना-नानी मुलांच्या पत्रांची वाट पाहत राहिले. अशोक पाटोळ्यांच्या 'आई रिटायर होतेय'मधल्या आईने घरादाराला आपली निवृत्ती ऐकवली. पण हे सगळे मुलं वाढवून झालेले आईबाप आहेत. त्यांचं दुःख रिकाम्या घराचं आहे, आणि रिकामं घर रंगमंचाला मानवतं: शांतता असते, वेळ असतो, स्वगताला जागा असते. बेलवलकरांना आपलं दुःख पूर्ण वाक्यांत, पूर्ण श्वासात मांडता येतं.

तिशी-पस्तिशीतल्या आईबापांचा एकटेपणा याच्या उलट्या टोकाचा आहे. घर रिकामं नसतं, मांडी रिकामी नसते, संडासाचं दारसुद्धा पूर्ण लावता येत नाही. दिवसभर कोणीतरी अंगाला चिकटलेलं असतं आणि सकाळी नऊपासून रात्री नऊपर्यंत एकाही मोठ्या माणसाशी बोलणं झालेलं नसतं. या एकटेपणाला स्वगत करता येत नाही. तिसऱ्या शब्दाला बाळ हाक मारतं. म्हणूनच तो लिहायला कठीण आहे, आणि म्हणूनच लिहिला पाहिजे.

आपल्या परंपरेत एकट्या, कोवळ्या आईचं एक फार मोठं चित्र आहे. गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'त, १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या त्या नाटकात, सिंधू लोकांचं दळण दळते. जवळ तान्हं मूल आहे, नवरा दारूत बुडालेला आहे, घरात आधाराचं माणूस नाही. हाताला जातं, डोळा बाळाकडे आणि कान दाराकडे. मूल सांभाळता सांभाळता पोटासाठी राबणाऱ्या बाईचं याहून नेमकं दृश्य आपल्याकडे पुढे फारसं कोणी उभं केलं नाही. पण त्या दृश्याचं नाटकाने काय केलं, हेही पाहायला हवं. सिंधूचा थकवा पातिव्रत्यात विरघळला. तिने कधी चिडू नये, कंटाळू नये, मुलाकडे पाठ फिरवून पाच मिनिटं भिंतीकडे बघत बसू नये, अशी तिची घडण आहे. तेव्हापासून मराठी रंगमंचावरच्या आईला थकण्याची परवानगी मिळाली ती त्यागाच्या अटीवर. ही अट अजून उठलेली नाही.

मुलांकडे पाठ फिरवणाऱ्या आईची ही भीती फक्त आपली नव्हे. नॉर्वेचा नाटककार इब्सेन याच्या 'अ डॉल्स हाउस'मधली नोरा १८७९ मध्ये तीन मुलांना सोडून घराबाहेर पडली, आणि दुसऱ्याच वर्षी जर्मनीत ती भूमिका करणाऱ्या नटीने तो शेवट करायला नकार दिला: कोणतीही आई असं करणार नाही, म्हणून. इब्सेनला नाइलाजाने पर्यायी शेवट लिहून द्यावा लागला, त्यात नोरा मुलांच्या खोलीच्या दारापाशी कोसळते. दार आपटून जाणाऱ्या नोरावर गेली दीडशे वर्षं लिहिलं जातंय. त्याच नाटकात ॲन-मरी नावाची दाई आहे. नोराला वाढवण्यासाठी तिने स्वतःची मुलगी परक्यांच्या हवाली केली होती. तिच्यावर नाटक कोणी लिहिलं? आज मुंबई-पुण्यातल्या प्रत्येक सोसायटीत आठ ते आठ मुलं सांभाळायला येणाऱ्या मावशी आहेत, आणि त्यांची मुलं कुठे तरी आजीकडे वाढताहेत. आधुनिक पालकत्वाचं नाटक लिहायचं तर या मावशी चहाचा ट्रे घेऊन येण्यापुरत्या असून चालणार नाही.

अपवाद आहेत, आणि ते मोलाचे आहेत. दळवींच्याच 'नातीगोती'त बौद्धिक अपंगत्व असलेला बच्चू आणि त्याला सांभाळणारे काटदरे पतिपत्नी आहेत. मूल मोठं झालं, तरी सांभाळणं संपत नाही. माया, चीड, अपराधीपणा या तिन्ही गोष्टी एकाच खोलीत एकमेकींना धक्के देत राहतात. दळवींनी त्या आईबापांना देवपण दिलं नाही, म्हणून ते आजही खरे वाटतात. प्रशांत दळवींच्या 'चारचौघी'त (१९९१, आणि पुन्हा २०२२) विद्याचा फोनवरचा प्रदीर्घ प्रसंग आहे. पलीकडचा नवरा दिसत नाही, ऐकू येत नाही. फोनच्या त्या एका तुकड्याने नाट्यगृहाला श्वास रोखायला लावला, कारण ऐकणारं माणूस समोर नसणं हाच त्या बाईच्या परिस्थितीचा गाभा होता. इथे आशय आणि तंत्र एक झालं.

आणि मग 'संगीत देवबाभळी'. प्राजक्त देशमुखांचं हे नाटक २०१७ मध्ये आलं आणि तुफान चाललं. बहुतेकांनी त्याच्याकडे भक्तीचं आणि संगीताचं नाटक म्हणून पाहिलं. पण मुळात परिस्थिती काय आहे? पोटुशी आवली. नवरा, तुकाराम, डोंगरावर, विठ्ठलात दंग. भाकरी घेऊन त्याला शोधत जाताना पायात काटा मोडतो. घरात पाणी भरायला, चूल पेटवायला दुसरं माणूस नाही. त्या एकट्या गरोदर बाईच्या मदतीला कोणी तरी यावं म्हणून नाटककाराला साक्षात रखुमाईला पंढरपुराहून खाली आणावं लागलं. बायका त्या नाटकाला पुन्हा पुन्हा गेल्या. अशा वेळी घरात एक दुसरी बाई हवी असते, कुरकुर ऐकून घेणारी, पायाला तेल लावणारी, ही तहान त्यांना ओळखू आली असणार. हेच नाटक डोंबिवलीच्या एका खोलीत, रखुमाईविना, लिहायचं झालं तर कसं लिहायचं?

तर आता कारागिरीकडे. कारण अडचण बरीचशी तिथे आहे.

पहिली अडचण सेटची. आपला नेहमीचा बॉक्स सेट म्हणजे मधे सोफा, एका बाजूला मुख्य दार, दुसऱ्या बाजूला स्वयंपाकघराकडे जाणारा पडदा, मागे बेडरूमचं दार. ही रचना सोयीची आहे, ट्रकमध्ये मावते, दौऱ्यावर दोन तासांत उभी राहते. पण मूल वाढतं ते नेमकं या रचनेच्या बाहेर: बेडरूममध्ये, न्हाणीघरात, ओट्यापाशी. म्हणजे सेटच असा की पालकत्व आपोआप विंगेत जावं. उपाय खर्चिक नाही. तोच सेट उलटा फिरवा. बेडरूम पुढे घ्या, दिवाणखाना मागे टाका. भांडायला आलेले पाहुणे पडद्यामागून ऐकू येऊ देत. प्रेक्षक त्या माणसाबरोबर बसेल जे आत अडकलं आहे आणि ज्याला बाहेरचं अर्धंच ऐकू येतं.

दुसरी अडचण प्रत्यक्ष बाळाची. खरं तान्हं बाळ रोजच्या प्रयोगाला आणणं शक्यही नाही आणि योग्यही नाही. मोठ्या वयाच्या बालकलाकारांसाठीही बालकामगार कायद्याच्या नियमांत जिल्हादंडाधिकाऱ्यांची परवानगी, दिवसाला जास्तीत जास्त पाच तास आणि विश्रांतीशिवाय तीन तासांहून अधिक काम नाही, अशा अटी आहेत, आणि त्या असायलाच हव्यात. म्हणून दुपट्यात गुंडाळलेली बाहुली येते. ती फसते कारण ती हलकी असते. पोकळ बाहुलीचं वजन पाव-अर्धा किलो. खऱ्या नवजात बाळाचं अडीच-तीन किलो, चार महिन्यांच्या बाळाचं सहाच्या आसपास, वर्षाच्या मुलाचं नऊ-साडेनऊ. प्रेक्षक बाहुलीचा चेहरा पाहतच नाही, तो नटीचा कोपर पाहतो. वजन असेल तर कंबर एका बाजूला झुकते, दर पाच मिनिटांनी हात बदलला जातो, खांदा उतरतो. बाहुली हलकी असेल तर हे काहीच घडत नाही आणि पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत सगळ्यांना खोटं कळतं.

अशी बाहुली घरच्या घरी शिवता येते. दुहेरी मांजरपाटाच्या तीन पिशव्या करायच्या. बुडाच्या आणि पाठीच्या मोठ्या पिशवीत दीड-पावणेदोन किलो तांदूळ, पायांना थोडे, आणि डोक्याला तान्ह्या बाळाच्या उशीत भरतो तशी मोहरी, साधारण सहाशे ग्रॅम. मान मात्र नुसत्या कापडाची, सैल ठेवायची. मग डोक्याखाली हात धरल्याशिवाय ते मूल उचलताच येत नाही, आणि धरणाऱ्याचा तळवा आपसूक योग्य जागी जातो. वाळू भरू नये. ती शिवणीतून झिरपते आणि हलवताना आवाज करते. तालमीच्या पहिल्या दिवसापासून हीच बाहुली वापरायची. रंगीत तालमीला पहिल्यांदा हाती दिली तर नटीच्या अंगात ते वजन मुरत नाही.

रडण्याचंही तसंच. बाळ कोपऱ्यातल्या पाळण्यात आणि रडणं प्रेक्षागृहाच्या दोन्ही मोठ्या स्पीकरांतून, ही चूक अजून होते. कान जागा ओळखतो. लहान स्पीकर पाळण्याखाली लपवला की निम्मं काम झालं. दुसरी चूक दहा सेकंदांचा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवण्याची. तिसऱ्या फेरीला तो यांत्रिक वाटू लागतो. किमान चार मिनिटांचं न तोडलेलं ध्वनिमुद्रण हवं, ज्यात मूल दमतं, उसासतं, पुन्हा पेटतं. तिसरी आणि सर्वांत मोठी चूक म्हणजे संवाद सुरू झाला की ध्वनिसंयोजक रडणं हळूच खाली घेतो. खऱ्या घरात कोणी खाली घेत नाही. पोटशुळाने रडणाऱ्या बाळांसाठी मॉरिस वेसल या बालरोगतज्ज्ञाने १९५४ साली जी कसोटी ठरवली ती अजून सांगितली जाते: दिवसाला तीन तासांहून अधिक, आठवड्याला तीन दिवसांहून अधिक, तीन आठवड्यांहून अधिक. रंगमंचावर चार मिनिटंसुद्धा तसंच वाजू द्यायला आपण घाबरतो, कारण प्रेक्षक अस्वस्थ होईल. तो अस्वस्थच व्हायला हवा.

बाहुलीही नको असेल तर वाट आहे. डंकन मॅकमिलन या इंग्लिश नाटककाराच्या 'लंग्ज' (२०११) या नाटकात मूल व्हावं की नाही याचा विचार करणारं एक जोडपं आहे, आणि नाटककाराने सेट, सामान, मूकाभिनय, वेशबदल सगळं वर्ज्य केलं आहे. दोन माणसं आणि बोलणं. आपल्याकडेही पर्यायी रीत जुनी आहे. १९८६ मध्ये मोहन आगाशेंनी मुलांसाठीच्या नाटकांची बर्लिनची ग्रिप्स चळवळ पुण्यात आणली, आणि मोठी माणसं मुलांच्या भूमिका करू लागली. पुण्यातल्या प्रेक्षकाने ते पहिल्या पाच मिनिटांत स्वीकारलं. त्यांच्या 'छान छोटे वाईट्ट मोठे' या नाटकाच्या नावातच मुलांची बाजू आहे. तीच रीत वापरून मोठ्यांसाठी, आईबापांच्या बाजूने नाटक का होऊ नये? साठ किलोचा नट दोन वर्षांचं मूल होऊन सव्वातास आईच्या पदराला धरून फिरला, तर त्या बाईच्या दिवसाचं वजन प्रेक्षकाच्या डोळ्यांना दिसेल.

आता एकच प्रसंग जवळून पाहू, कारण हा माल कसा आहे ते त्यात कळतं. रात्रीचे अडीच. आईच्या किंवा बापाच्या खांद्यावर बाळ झोपलं आहे. त्याला गादीवर ठेवायचं आहे. आधी स्वतः गुडघ्यांत वाकायचं, पाठीत नव्हे, कारण छाती बाळापासून सुटली की ते जागं होतं. मग बाळाचं बूड टेकवायचं, मग पाठ, सगळ्यात शेवटी डोकं. डोकं आधी टेकलं तर मूल पडल्यासारखं दचकतं, दोन्ही हात फाकवतं, आणि अर्धा तास फुकट. डोकं टेकल्यावर हात लगेच काढायचा नाही. दहा-पंधरा श्वास तसाच दाबून ठेवायचा, मग एकेक बोट. दुसरा तळवा त्याच्या छातीवर. तो उचलायचा तो वजन आधी कमी करत. मग अंधारात तीन पावलं, वाटेत बिजागरी कुरकुरणारं दार. आणि दाराशी पोचल्यावर पाठीमागून एक बारीक हुंकार.

या प्रसंगाला शब्द लागत नाहीत. प्रत्यक्षात याला सात-आठ मिनिटं लागतात आणि ती तशीच्या तशी रंगमंचावर लागली पाहिजेत. आपण काय करतो? निळा प्रकाश, बासरीवर अंगाई, चाळीस सेकंद, ब्लॅकआउट. बासरी काढून टाका. पंख्याचा आवाज ठेवा, आणि प्रकाश म्हणून मोबाइलचा खालून चेहऱ्यावर पडणारा पांढरा झोत. तीन वेळा प्रयत्न फसू दे. कोणत्याही रहस्यनाट्याइतका ताण त्या बिजागरीत आहे, आणि चौथ्या वेळी मूल झोपल्यावर ते माणूस जमिनीवर बसून काय करतं, यात त्याची सगळी कथा येते.

संवादाचंही वेगळं गणित मांडावं लागेल. लहान मुलाच्या घरात वाक्य पूर्ण होत नाही. "मी आज तुला म्हणणार होते की ते डॉक्टर... खाली ठेव ते, तोंडात नाही... हां, ते म्हणाले की... कुठे गेलं झाकण?" असं बोलणं कागदावर विस्कळीत दिसतं, म्हणून लेखक ते नीटनेटकं करतो आणि नाटक तिथेच संपतं. समजा, पहिल्या अंकात आईला एक महत्त्वाची गोष्ट नवऱ्याला सांगायची आहे आणि साठ मिनिटं ती तुटत राहते. मध्यंतरापर्यंत प्रेक्षक त्या एका पूर्ण वाक्यासाठी आसुसतो. नटांसाठी हे कठीण काम आहे. तुटलेल्या वाक्याचा क्यू पक्का हवा, समोरच्याने कोणत्या अक्षरावर तोडायचं हे ठरलेलं हवं, नाही तर दहाव्या प्रयोगापर्यंत नट नकळत वाक्यं पूर्ण करू लागतात. तालमीत ही अक्षरं संहितेवर रंगाने खुणावून ठेवावी लागतील.

बाळंतपणानंतरच्या नैराश्याबद्दल आपल्या नाटकांनी विशेष काळजी घ्यायला हवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार विकसनशील देशांत बाळंत झालेल्या जवळपास दर पाचांतल्या एकीला मानसिक आजाराला, मुख्यतः नैराश्याला, सामोरं जावं लागतं. रंगमंचावर याचं मोकळे केस, विस्फारलेले डोळे आणि किंकाळी होते. खऱ्या घरात बहुतेकदा काहीच दिसत नाही. ती सगळं वेळेवर करते. दूध, मालिश, लसीकरणाची तारीख, काही चुकत नाही. फक्त तिसऱ्यांदा गरम केलेला चहा ओट्यावर तसाच साय धरून राहतो. नैराश्य दाखवायला त्या कपाइतकं रंगमंचावरचं सामान पुरतं, दिग्दर्शकाने तो कप प्रकाशात ठेवण्याचं धाडस केलं तर.

बापाबद्दल लिहिताना मराठी नाटक आणखी मागे आहे. बाप एक तर करारी, नाही तर विनोदी, लंगोट उलटा बांधणारा. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला मूल झाल्यावर पंधरा दिवसांची रजा आहे. खासगी नोकरीत अशी रजा देण्याची कायद्याने सक्तीच नाही. तो सकाळी मूल झोपलेलं असताना निघतो आणि परतताना लोकलमध्ये उभ्याने त्याचे फोटो बघतो. घरी पोचतो तेव्हा मूल पुन्हा झोपलेलं. त्याला जवळ घ्यावं तर जागं होईल, म्हणून बायको हात अडवते, आणि ती बरोबरच असते. हा माणूस खलनायक नाही, विदूषकही नाही. मुलाने पहिलं पाऊल टाकल्याचं त्याला मोबाइलवर कळतं आणि ऑफिसच्या जिन्यात उभं राहून तो ते तीन-तीनदा बघतो. त्याच्यासाठी आपल्याकडे अजून एकही प्रवेश लिहिलेला नाही.

'संध्याछाया'ने परदेशी गेलेल्या मुलाच्या आईबापांचं घर दाखवलं. पण त्या मुलाचं घर? न्यू जर्सीत, डलासमध्ये, सिंगापुरात मराठी जोडप्यांना मूल होतं तेव्हा बाळंतपणाला आई जाते. अमेरिकेच्या व्हिजिटर व्हिसावर साधारण सहा महिने राहता येतं. मग ती परतते आणि सासूबाई येतात, पुढचे सहा महिने. डिंकाचे लाडू, बाळाला न्हाऊ घालायची पद्धत, धुरीचा वास आणि त्यावरून बोंबलणारा स्मोक अलार्म, सगळं दोनदा होतं. आणि मग दुसरी आजीही विमानतळावर निरोप घेते. त्या संध्याकाळी, मोटारीतून घरी परतल्यावर, वर्षाच्या मुलाला कडेवर घेऊन दार उघडणाऱ्या दोघांचा पहिला तास, हे आपल्या काळाचं नाटक आहे. उत्तर अमेरिकेतल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनांना इथली नाटकं जातात. तिथल्या संसाराचं नाटक तिथून इकडे यायला हवं.

मग हे लिहिलं का जात नाही? एक कारण लेखक घडण्याच्या वाटेत आहे. मराठी नाटककार बहुधा महाविद्यालयीन एकांकिकांतून येतो. पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून ही भट्टी पेटती ठेवून आहे, आणि त्या भट्टीचे उपकार मोठे आहेत. पण विशीतला लेखक आईबाप लिहितो ते मुलाच्या नजरेने: न समजून घेणारे, स्वप्नं लादणारे. तो स्वतः बाप होतो, ती स्वतः आई होते, तोवर दोघं मालिकांच्या रोजच्या भागांत अडकलेले असतात किंवा लिहिणंच सुटलेलं असतं. ज्या वयात हा अनुभव अंगावर असतो त्याच वयात लिहायला हात मोकळा नसतो, आणि हात मोकळा होतो तोवर अनुभवाची धार गेलेली असते, उरतात गोड आठवणी.

दुसरं कारण कामाच्या पद्धतीत. नटनट्यांना, पडद्यामागच्या मंडळींना पैसे 'नाईट'वर मिळतात. प्रयोग झाला तर नाईट. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर नोकरदार बाईला पहिल्या दोन मुलांसाठी सव्वीस आठवड्यांची भरपगारी रजा आहे. नाईटवर काम करणारी अभिनेत्री त्या व्याख्येत बसत नाही. संध्याकाळी सहा ते दहाच्या तालमी महिना-दीड महिना, मग दौरे, बस रात्री दोनला दादरला पोचते. लहान मूल असलेली बाई या वेळापत्रकातून आपोआप गळते, आणि तिच्याबरोबर तिला ठाऊक असलेलं सगळं गळतं. निर्मात्यांनी नव्या नाटकाच्या तालमी सकाळी दहा ते दोन ठेवून पाहाव्यात, आणि दौऱ्याच्या खर्चपत्रकात सांभाळणाऱ्या एका माणसाची जागा आणि जेवण धरावं. बसमध्ये एक आसन आणि दोन जेवणं, एवढाच तो खर्च आहे. शासन नव्या नाटकांना अनुदान देतं, त्या अर्जात एवढा एक रकाना वाढवायला कोणाची हरकत असणार?

तिसरं कारण प्रेक्षागृहात आहे, आणि त्यावर लगेच काम करता येईल. हे आईबाप नाटकाला येऊच शकत नाहीत. प्रयोगाच्या वेळा दुपारी चार आणि रात्री साडेआठ, म्हणजे मुलाच्या संध्याकाळच्या कुरकुरीची आणि झोपेची. काही जुन्या नाट्यगृहांत मागच्या बाजूला काच लावलेली 'क्राय रूम' बांधली होती. ती बांधणाऱ्यांना शाबासकी द्यायला हवी. अशी खोली जिथे असेल तिथे तिचं काय झालं ते व्यवस्थापनाने एकदा जाऊन पाहावं. खुर्च्या आहेत का, काच पुसलेली आहे का, आत ध्वनी पोचवणारा स्पीकर चालतो का. तीन गोष्टी तपासायला अर्धा तास लागतो.

गडकरी रंगायतन, बालगंधर्व, दीनानाथ, नाशिकचं कालिदास ही सगळी महापालिकांची नाट्यगृहं आहेत, लोकांच्या पैशांतून उभी राहिलेली. तारखांचं वाटप करताना महिन्यातून एक सकाळचं सत्र तान्ह्या मुलांच्या पालकांसाठी राखून, भाड्यात सूट देऊन ठेवता येईल. ब्रिटनमध्ये असे खास प्रयोग नेमाने होतात. त्याची कृती अवघड नाही. सकाळी अकराची वेळ. प्रेक्षागृहातले दिवे पूर्ण न मालवता पाव उजेड ठेवायचा. ध्वनी नेहमीपेक्षा खाली, गोळीचा किंवा विजेचा दचकवणारा आवाज वगळलेला, ब्लॅकआउट दोन-तीन सेकंदांपलीकडे नाही. दारं उघडी, कोणी मधेच उठलं तर डोअरकीपरने बॅटरी मारायची नाही. शेवटच्या दोन रांगांपुढे बाबागाड्यांना जागा. लंगोट बदलायला कमरेच्या उंचीचं फळकुट, बायकांच्या आणि पुरुषांच्या, दोन्ही स्वच्छतागृहांत. नटांना आधी सांगून ठेवायचं की आज रडणं ऐकू येईल, त्यावर आवाज चढवू नका, थांबा, आणि मग पुढे चला.

आणि मध्यंतर पंधरा मिनिटांचं नको. पाजायला किमान वीस लागतात, ढेकर काढायला आणखी पाच, रांगेत उभं राहून बटाटेवडा घ्यायला पाच. अर्धा तास धरा. एखादी आई मागच्या रांगेत अजून बाळाला खांद्यावर थोपटत असेल, तर तिसरी घंटा तेवढी दोन मिनिटं थांबवता येते.